वकिलाची चूक, पक्षकाराची जमीन

कर्जत-खालापूरकडे जमिनीचा दावा हरल्याची बातमी पक्षकाराला कोर्टातूनच कळेल असे नाही. ती तहसील कचेरीच्या नोटिशीतून येते, नाहीतर भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीच्या कागदातून. शेतसारा लागू असलेल्या जमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत होते. म्हणून कागद तहसीलदारांकडे जातो आणि तिथून गावात नोटीस येते. घरातला माणूस नोटीस घेऊन वकिलाकडे धावतो, तेव्हा उत्तर मिळते, "बघतो, तारीख चुकली असेल." दावा मात्र कधीच निकाली निघालेला असतो. प्रतिवादी गैरहजर, कैफियत म्हणजे लेखी उत्तर नाही, उलटतपास नाही, आणि वादीच्या एकट्याच्या साक्षीवर हुकूमनामा.

यालाच एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. वकिलाच्या हलगर्जीमुळे तो झाला असेल तर रद्द होतो का? होतो, पण "वकिलाने कळवले नाही" एवढ्या एका वाक्यावर होत नाही. वकिलाने काय केले नाही याच्याइतकेच न्यायालय हेही बघते की त्या काळात तुम्ही काय करत होता. या विषयातले बहुतेक सगळे निकाल या एका प्रश्नाभोवती फिरतात आणि गावाकडचा पक्षकार नेमका याच प्रश्नाला तयार नसतो.

या दोन तालुक्यांत हे प्रकरण का महत्त्वाचे आहे, ते जमिनीकडे बघितले की कळते. नेरळ, कशेळे, कडाव, चौक, वावोशी या पट्ट्यात फार्महाऊस आणि गृहप्रकल्पांनी जमिनीला भाव आला. सातबाऱ्यावर आजोबांच्या वारसांची दहा-बारा नावे, त्यांतले काही गावात, काही डोंबिवली-ठाण्याला, बहिणी सासरी. मग वाटपाचा दावा, साठेखत पुरे करून मागणारा दावा, मनाई हुकमाचा दावा. कर्जत आणि खालापूर दोन्हीकडे कनिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायालय आहे, जिल्हा न्यायालय अलिबागला. सगळ्या भावांनी मिळून एक वकील दिलेला असतो, वकीलपत्रावर सह्या झालेल्या असतात आणि पुढचे सगळे "वकीलसाहेब बघतील" यावर चालते. प्रत्येक भावाला वाटते, दुसरा तारखेला जात असेल.

दावा एका दिवसात एकतर्फी होत नाही. त्याचा माग रोजनाम्यात असतो. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडले याची नोंद. वकिलाच्या दुर्लक्षाने गेलेल्या दाव्याचा रोजनामा साधारण असा दिसतो. पहिल्या नोंदीत समन्स बजावल्याचा अहवाल. पुढच्या तारखेला प्रतिवादीतर्फे वकीलपत्र दाखल, कैफियतीसाठी मुदतीचा अर्ज, मंजूर. पुन्हा मुदत. मग "शेवटची संधी" असा शेरा. नंतरच्या तारखेला प्रतिवादी व त्यांचे वकील पुकारूनही गैरहजर, कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा आदेश. त्यानंतर वादीचे शपथपत्र, उलटतपास नाही, युक्तिवाद ऐकला, निकालासाठी तारीख. ज्याने आयुष्यात एकदाही रोजनामा वाचलेला नाही, त्याला त्याच्या जमिनीचे काय झाले ते या आठ-दहा ओळींत लख्ख दिसते.

कैफियत देण्याची मुदत समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, आणि न्यायालयाने वाढवली तर ९० दिवस. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात सांगितले की ही ९० दिवसांची मर्यादा पोलादी नाही. सबळ कारण असेल तर न्यायालय पुढेही कैफियत घेऊ शकते. मात्र ती सवलत मागावी लागते, आणि मागणारा वकील हजर असावा लागतो.

हुकूमनामा होण्याआधीच गोष्ट लक्षात आली तर काम बरेच सोपे असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ७ खाली अर्ज करून, गैरहजेरीचे योग्य कारण दाखवून, दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश मागे घेता येतो. कारण पटले नाही तरी प्रतिवादीला आहे त्या टप्प्यापासून पुढच्या कामात भाग घेता येतो. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९५५ साली सर्वोच्च न्यायालयात संग्राम सिंह प्रकरणात हे स्वच्छ मांडले. प्रक्रियेचे नियम न्यायाला वाट करून देण्यासाठी आहेत, माणसाला अडकवण्यासाठी नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. सत्तर वर्षांनंतरही तो दिवाणी न्यायालयांत उद्धृत होतो. मात्र युक्तिवाद संपून दावा निकालासाठी राखून ठेवला की नियम ७ ची वाट बंद होते. मग हुकूमनाम्यानंतरचा नियम १३ तेवढा उरतो.

नियम १३ प्रमाणे ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला त्याच न्यायालयात अर्ज करायचा. दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. एक तर समन्स रीतसर बजावलेच नव्हते, किंवा दावा सुनावणीला निघाला त्या दिवशी हजर न राहण्याला पुरेसे कारण होते. समन्स बजावण्यात किरकोळ त्रुटी राहिली, पण तुम्हाला तारीख माहीत होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता, तर तेवढ्या त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही. ही अट १९७६ च्या दुरुस्तीने घातली.

मुदतीच्या बाबतीत बरेच जण फसतात. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे अर्ज ३० दिवसांत करायचा. समन्स रीतसर मिळालेच नसेल तर हे ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. गावचा पत्ता देऊन, माणूस कल्याणला राहतो हे माहीत असूनही वर्तमानपत्रात नोटीस छापून दावा चालवला असेल, तर अशी पर्यायी बजावणी या अनुच्छेदापुरती रीतसर बजावणी धरायची नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या वारसांना याचा मोठा आधार आहे.

पण वकिलाच्या चुकीच्या प्रकरणात हा आधार मिळत नाही. समन्स मिळालेले असते, वकीलपत्र दाखल असते, म्हणजे दाव्याची माहिती होतीच. त्यामुळे मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच सुरू होते, मग तुम्हाला तो दोन वर्षांनी का कळेना. "मला परवा कळले, म्हणून माझे तीस दिवस परवापासून" असे धरून केलेला अर्ज पहिल्याच सुनावणीला अडचणीत येतो. अशा वेळी नियम १३ च्या अर्जाबरोबर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज द्यायलाच हवा आणि उशिराच्या काळाचा हिशेब त्यात मांडायला हवा. यात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कोरोनाचा काळ येत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तो मुदतीतून वगळलेला आहे. जुन्या प्रकरणात तो आवर्जून मांडावा.

वकिलाच्या चुकीबद्दल न्यायालयांनी काय म्हटले आहे, हे बघताना दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला १९८१ चा, रफीक विरुद्ध मुन्शीलाल. अलाहाबाद उच्च न्यायालयात अपील होते, सुनावणीला वकील आलाच नाही आणि अपील त्याच्या गैरहजेरीत गेले. सर्वोच्च न्यायालयात न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले की खेड्यातल्या माणसाने वकील दिला, फी भरली, म्हणजे त्याला जे करता येण्याजोगे होते ते त्याने केले. वकील कोर्टात गेला का, हे बघायला त्याने उच्च न्यायालयात पहारा ठेवावा अशी अपेक्षा धरता येणार नाही. अपील पुन्हा सुनावणीला घेतले गेले. दुसऱ्या बाजूच्या खर्चापोटी २०० रुपये पक्षकाराकडून न घेता गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करण्याचा आदेश झाला. रक्कम लहान होती, पण चूक कोणाची आणि किंमत कोणी द्यायची हे न्यायालयाने त्यात ठरवून दिले.

दुसरा १९९३ चा, सलिल दत्ता प्रकरण. कोलकात्यातली भाडेकरू कंपनी. आधीचे अर्ज निकाली निघेपर्यंत हजर राहायची गरज नाही, असा सल्ला वकिलाने दिला म्हणून कंपनीतर्फे कोणी सुनावणीला गेलेच नाही. उच्च न्यायालयाने वकिलाची चूक धरून हुकूमनामा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. प्रतिवादी त्याच शहरात कार्यालय असलेली खासगी कंपनी आहे, रफीकसारखा अडाणी खेडूत नाही, हे न्यायालयाने मुद्दाम नोंदवले. वकिलाची चूक म्हटली की हुकूमनामा रद्द होतोच, असा सरसकट नियम नाही हे तिथे पक्के झाले.

कर्जतच्या माणसाला यातून काय घ्यायचे? कळंब खोऱ्यातला ठाकूर किंवा कातकरी शेतकरी, ज्याला मराठी कागदसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तो रफीकच्या जवळचा. खोपोलीत कारखाना चालवणारा किंवा पुण्यात बसून दहा एकर घेतलेला गुंतवणूकदार सलिल दत्ताच्या जवळचा. आणि या दोघांच्या मधे जो मोठा वर्ग आहे, म्हणजे शिकलेला, हातात मोबाइल असलेला, नोकरीला रोज लोकलने जाणारा, त्याच्याकडून न्यायालयाची अपेक्षा वाढत चालली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले की सगळा दोष वकिलावर ढकलून पक्षकाराला मोकळे होता येणार नाही, आपल्या दाव्याची खबर ठेवणे हे त्याचेही कर्तव्य आहे. ही अपेक्षा मला शिकलेल्या माणसाबाबत रास्त वाटते. ज्याला कोर्टाची पायरी चढायचीच भीती वाटते त्याला तीच फूटपट्टी लावणे मात्र अन्यायाचे आहे. रफीकचा निकाल आजही रद्द झालेला नाही, आणि अशा पक्षकाराच्या अर्जात त्याचे शिक्षण, वस्ती, कोर्टापासूनचे अंतर आणि उत्पन्न सविस्तर लिहिणे हे त्याच्या नव्या वकिलाचे काम आहे.

उशीर किती दिवसांचा, यापेक्षा कारण किती खरे, हे महत्त्वाचे. १९९८ च्या एन. बालकृष्णन प्रकरणात उशीर ८८३ दिवसांचा होता. पक्षकाराने वकिलावर विसंबून राहिल्याचे सांगितले आणि नुसते सांगितले नाही. त्या वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाऊन ५०,००० रुपयांची भरपाईही मिळवली होती. सर्वोच्च न्यायालयाने उशीर माफ केला, दुसऱ्या बाजूला १०,००० रुपये खर्च द्यायला लावून. याउलट आपल्या जळगावचे प्रकरण. मध्यम प्रकल्पाच्या कार्यकारी अभियंत्यांनी भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याविरुद्ध १७२४ दिवस उशिरा अपिले केली. मुंबई उच्च न्यायालयाने उशीर माफ केला होता, पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण निवाड्यांची माहितीच नव्हती हे दिलेले कारण कागदांशी जुळत नव्हते. सरकारी यंत्रणेलाही तिथे सूट मिळाली नाही.

म्हणून अर्जातली कहाणी कागदावर उभी राहायला हवी. वकिलाला फी दिल्याची पावती, बँकेतून किंवा मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद, "साहेब, तारीख कधी आहे?" असे विचारलेले संदेश आणि त्यांना आलेली उत्तरे, आजारपणाचे दवाखान्याचे कागद, हुकूमनामा कळल्याच्या दिवशी हाती आलेली तहसीलची नोटीस. न्यायाधीश विचारतील, वकिलाला शेवटचे कधी भेटलात? त्यांनी काय सांगितले? त्यानंतरच्या आठ महिन्यांत पुन्हा का विचारले नाही? या प्रश्नांची तारखेनिशी उत्तरे शपथपत्रात असली पाहिजेत. वकिलावर आरोप करायचा आणि त्याला साधे पत्रही पाठवायचे नाही, हे न्यायालयाला खटकते. त्याला रजिस्टर पोस्टाने खुलासा मागणारे पत्र पाठवावे. तो प्रामाणिक असेल तर चूक कबूल करून शपथपत्रही देतो, आणि तसे शपथपत्र अर्जदाराच्या फार उपयोगी पडते.

वकिलांच्या बाजूनेही बघायला हवे. एका वकिलाकडे एकाच दिवशी कर्जतला दोन, खालापूरला एक आणि पनवेलला तीन कामे असतात. पक्षकार वर्षभर फोन उचलत नाही, कागद देत नाही, फी थकवतो, हेही घडते. अशा वेळी वकील "पक्षकाराच्या सूचना नाहीत" अशी पुरसिस म्हणजे लेखी निवेदन देऊन दाव्यातून बाजूला होतो. इथे कायदा नेमका आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पुरेशा कारणाशिवाय आणि पक्षकाराला वाजवी पूर्वसूचना दिल्याशिवाय वकिलाने काम सोडायचे नसते. मलकियत सिंह प्रकरणात वकिलाने पक्षकाराला न कळवता सूचना नसल्याचे सांगितले आणि दावा एकतर्फी गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द केला. तुमच्या रोजनाम्यात अशी पुरसिस असेल आणि त्यानंतर न्यायालयाने तुम्हाला नोटीस काढलेली नसेल, तर अर्जातला तो सर्वांत जड मुद्दा समजा. दाव्याच्या दरम्यान वकिलाचा मृत्यू झाला असेल तर वकीलपत्र तिथेच संपते. ते कारणही न्यायालय सहज समजून घेते.

जुना वकील कागद देत नाही, थकलेली फी आधी मागतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे की फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फी बाकी असेल तर ती मागण्याचे वेगळे मार्ग आहेत. तसेही त्याच्या फाइलवाचून अडून बसायचे कारण नाही. न्यायालयाच्या नकला विभागात अर्ज करून दाव्याची प्रत, समन्सचा अहवाल, पूर्ण रोजनामा, निकालपत्र आणि हुकूमनामा यांच्या प्रमाणित नकला मिळतात. पहिल्या दिवशी हेच करावे.

अर्ज केला म्हणून दरखास्त आपोआप थांबत नाही. वादीने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली असेल तर स्थगितीचा स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर इकडे अर्ज चालू आणि तिकडे ताबा गेला, अशी पाळी येते. मूळ हुकूमनामा पुढे रद्द झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली ताबा परत मागता येतो, पण जमिनीवर कुंपण आणि बांधकाम उभे राहिल्यावर ते किती अवघड होते हे नेरळकरांना सांगायला नको.

अर्ज फेटाळला तर जिल्हा न्यायालयात अपील आहे. त्याशिवाय आणखी एक दार आहे, कलम ९६(२) खालचे थेट अपील. त्यात मूळ हुकूमनाम्यालाच आव्हान देता येते: पुरावा अपुरा होता, नुसत्या शपथपत्रावर न्यायालयाने दावा मान्य केला, वाटपात हिस्सेच चुकले. प्रतिवादी गैरहजर असला तरी वादीने आपले म्हणणे सिद्ध करायचेच असते, म्हणून हा आधार पोकळ नाही. जिल्हा न्यायालयात त्याची मुदत ३० दिवस. दोन्ही मार्ग एकदम धरता येतात, मात्र अपील मागे घेण्याखेरीज इतर कोणत्याही कारणाने निकाली निघाले की नियम १३ चा अर्ज चालत नाही.

या दुसऱ्या दाराबद्दलचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच मोरे कुटुंबाच्या वाटपाच्या दाव्यात ७ मे २०१९ रोजी लागला. एकतर्फी हुकूमनामा ४ जुलै २००८ चा. नियम १३ चा अर्ज २०१० मध्ये फेटाळला गेला. पुढे थेट अपील केले तेव्हा उशीर झाला होता ४ वर्षे १० महिने ८ दिवस. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हा काळ आधीचा अर्ज लढवण्यात गेला आहे, तो पुरेसे कारण धरला पाहिजे. एक अर्ज फेटाळला म्हणून अपिलाचा हक्क बुडत नाही. अकरा वर्षांनी त्या कुटुंबाला मिळाले ते एवढेच, की त्यांचे अपील ऐकले जाईल.

हुकूमनामा रद्द झाला म्हणजे दावा जिंकला असेही नाही. दावा पुन्हा जिवंत होतो, कैफियत द्यावी लागते, खर्च भरावा लागतो, पैशाच्या दाव्यात रकमेचा काही भाग कोर्टात जमा करायची अटही येते. ती रास्त आहे. समोरच्याचीही वर्षे गेलेली असतात, आणि तुमचा वकील त्याने निवडलेला नव्हता.

त्या वकिलाचे काय? बालकृष्णन यांनी धरलेली ग्राहक मंचाची वाट आता बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला. उरतात दोन मार्ग. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा, जो लांब आणि खर्चाचा आहे. आणि अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार. तिथे ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द अशी शिक्षा होऊ शकते. बार कौन्सिल तुमचा हुकूमनामा रद्द करू शकत नाही, म्हणून तक्रारीच्या नादात नियम १३ चे दिवस घालवू नका.

ज्यांचा दावा आज चालू आहे त्यांनी एवढे करावे. वकिलाकडून सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख स्वतः बघा. नावाने शोधत असाल तर जिल्हा रायगड निवडा. अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत आहे, आणि तिथल्या न्यायालयाच्या यादीत तुमचा दावा सापडणार नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी घरातल्या शिकणाऱ्या मुलाने हे काम अंगावर घ्यावे. वकील बदलायला पैसे नसतील तर न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक १५१००.